घुबडांची पाच मिनिटं

आपल्याकडे कुणाला घुबड म्हटलं तर तो माणूस पुढे चार दिवस बोलत नाही. जर्मनीत मात्र एक गाव असं आहे, जिथे माझी अडुसष्ट वर्षांची थोरली बहीण घुबडाचं चित्र असलेली टोपी घालून दर रविवारी जंगलाच्या कडेला बसते आणि हरते. म्हणजे हरतो तिचा संघ. पण ती "आम्ही हरलो" असंच म्हणते, म्हणून मीही तसंच लिहिलं.

गेल्या सप्टेंबरात मी तिच्याकडे तीन आठवडे राहून आलो. नागपूरच्या एका छापखान्यात मी चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा धंदा, आणि परदेश पाहून भारावून आलेल्या माणसांची वर्णनं तपासून तपासून माझा भारावण्याचा अवयव निकामी झालेला. तेव्हा किल्ले, पूल, नदीकाठ यांच्याबद्दल इथे काही मिळणार नाही. मी पाहिलं ते एक गवताचं मैदान, एक लाकडी खोली आणि तिच्या भिंतीवरचं चुकीचं घड्याळ.

जंगलाच्या कडेला

ताईचा मुलगा प्रशिक कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत आहे. यंत्रं कधी बंद पडतील याचं आधीच भाकीत करायचं, हे त्याचं काम. भावजी गेल्यावर त्याने ताईला इकडे आणलं. घर शहराबाहेर, शेवटच्या बसथांब्याशी. तिथून पुढे जंगल सुरू होतं आणि कुठेच संपत नाही असं वाटतं. पाईनची आणि बीचची झाडं, खाली तांबडी वाळू, आणि सकाळी त्यावर असं धुकं की झाडं जमिनीवर उभी नसून टांगलेली आहेत असं भासावं. पहिल्या दिवशी मी खिडकीत उभा राहून चहा थंड होऊ दिला. ताई मागून म्हणाली, "पाहून राहिला का? पाच वर्षं झाली, मलाही रोज वाटते की कोणीतरी उचलून घेऊन जाईल हे."

घरात बुद्धमूर्तीशेजारी फळीवर एक जाड वही होती. आधी मला वाटलं, वंदनेची. ती बेसबॉलची निघाली.

ही भानगड कशी सुरू झाली ते ताईनेच सांगितलं. इथे आल्या वर्षी ती एकटीच जंगलात फिरायची. एका रविवारी झाडी संपली आणि समोर मैदान आलं. नऊ माणसं उन्हात उभी, आणि दहावा माणूस एका टेबलाशी बसून चौकटींच्या वहीत काहीतरी भरतोय. ताईने तेहतीस वर्षं गणित शिकवलं आणि शाळेच्या क्रिकेट सामन्यांचे गुणही तीच लिहायची. चौकटींची वही पाहिल्यावर तिला राहवेना. ती जाऊन त्या माणसाच्या मागे उभी राहिली. जर्मन एक अक्षर येत नव्हतं, पण तिसऱ्या डावात तिने त्याच्या खांद्यावरून बोट लावून बेरीज चुकल्याचं दाखवलं. पुढच्या वर्षी तो माणूस नोकरीसाठी इंगोलश्टाटला गेला. यजमान संघाने गुणलेखक पुरवायचाच असा नियम. वही ताईकडे आली.

"क्रिकेटच आहे रे," ती म्हणाली. "फक्त चेंडू उंच गेला आणि कोणी झेलला नाही तर पळायचं. चार कोपरे. फिरून घरी आला की एक गुण. घरी येणं महत्त्वाचं."

"आणि तुमची माणसं घरी येत नाहीत?"

"निघतात. पोचत नाहीत."

संघाचं नाव घुबडं. सामने भर दुपारी दोन वाजता. सगळा खुलासा इथेच व्हायला हवा होता, पण चार वर्षं एकही सामना न जिंकता हा संघ दर रविवारी आशेने टोपी घालत होता. प्रशिक म्हणाला, "मामा, आल्झो... म्हणजे असं बघ, माझ्या क्षेत्रात शंभर टक्के भाकीत करता येईल अशी एकच यंत्रणा आहे. आईची टीम." त्याची बारा वर्षांची मुलगी मैत्री ताटावरून मान वर न करता म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे 'अगदी बरोबर'. ताईने दोघांच्या ताटात कारल्याची भाजी जरा जास्तच वाढली.

मला गंमत वाटायची ती वेगळीच. तृष्णा हे दुःखाचं मूळ, हे रोज सकाळी शांतपणे म्हणणारी बाई रविवारी जेवणं आटोपली की एका विजयाची तृष्णा पिशवीत घालून, बसने तीन थांबे जाऊन, मैदानावर बसायची. मी तसं म्हटलंही.

"एवढी एकच ठेवली आहे," ती म्हणाली. "बाकीच्या सोडल्या नं."

घड्याळाचा ठराव

शनिवारी ताईने मला मैदानावर नेलं. दुसऱ्या दिवशी मोसमातला शेवटचा सामना होता, आणि झाडलोट करायला सगळे खेळाडू येणार होते. या देशात क्लब म्हणजे काय हे मला तिथे कळलं. आपल्याकडे मंडळ असतं तसंच, फक्त मंडळात कुणालाच आठवत नाही काय ठरलं होतं, आणि इथे सगळंच लिहिलेलं असतं. कुणी किती तास गवत कापायचं, कुणी केक आणायचा, कुणी कॉफीचं यंत्र धुवायचं. एक परिचारक, दोन बेकरीवाले, एक शाळेचा रखवालदार, विद्यापीठातले तीन-चार विद्यार्थी. सगळे ताईला "फ्राउ शांता", म्हणजे शांताबाई, म्हणतात. ताई सगळ्यांशी मराठीत बोलते आणि आकडे तेवढे जर्मनमध्ये सांगते. 'पळ' हा शब्द मात्र सगळ्यांना येतो. चेंडू फेकणारा योनास, तोच रुग्णालयातला परिचारक, हातात खराटा घेऊन माझ्याजवळ आला, माझ्या पोटाकडे पाहून म्हणाला, "पळ रे बाबा, पळ!" आणि स्वतःच हसत सुटला.

लाकडी खोलीत भिंतीवर मोठं गोल घड्याळ होतं. ते पाच मिनिटं पुढे होतं. मी लगेच दाखवून दिलं. सवयच ती.

"मीच केलं," ताई म्हणाली. "ही पोरं उशिरा यायची. एकाची रात्रपाळी, एकाचा पाव भट्टीत. शाळेत माझ्या वर्गातलं घड्याळ नेहमी पुढे असायचं, तसंच इथे केलं."

आपल्या घरांतही घड्याळं पुढे असतात, पण आपण प्रत्येक जण मनात पाच मिनिटं वजा करतो आणि ठरल्याप्रमाणे उशिरा पोचतो. इथे तसं झालं नाही. घड्याळ म्हणतंय म्हणजे तेवढे वाजले, असं धरून संघ वेळेवर येऊ लागला. पण क्लबचे अध्यक्ष हेर (म्हणजे श्रीयुत) क्लाइन अस्वस्थ झाले. चुकीचं घड्याळ क्लबच्या भिंतीवर कसं? विषय सभेत गेला. दोन तास चर्चा झाली. शेवटी ठराव झाला, तो प्रशिकने मला वाचून दाखवला होता: खोलीतील घड्याळ पाच मिनिटे पुढे असल्याची सभा नोंद घेत आहे. चूक दुरुस्त केली नाही, पण ती अधिकृत केली. चौतीस वर्षं मी मुद्रितं तपासली, हा मार्ग कधी सुचला नाही.

हेर क्लाइन त्या शनिवारीही आले. पांढरी मिशी, कोटावर क्लबची पितळी खूण, आणि उभं राहण्याची अशी पद्धत की कुणी पुतळा हटवून त्याजागी त्यांना ठेवलंय असं वाटावं. त्यांचाच दुसरा ठराव जास्त गंभीर होता. या मोसमात घुबडांनी एकही सामना जिंकला नाही, तर संघ बंद करायचा आणि मैदान क्लबच्या तिरंदाजांना द्यायचं. बाकीचे सगळे सामने हरून झाले होते. उद्याचा एक उरला होता.

"मग उद्या हरलात तर?" मी परतताना बसमध्ये विचारलं.

ताई खिडकीबाहेर पाहत होती. संध्याकाळचं ऊन झाडांच्या खोडांमधून तिरपं आत आलं होतं आणि बससोबत धावत होतं. "तर मी पुन्हा एकटी फिरीन जंगलात," ती म्हणाली. "त्यात काय. सुंदर आहे जंगल."



रविवार

सकाळी वंदना झाली, मग ताईने परातभर पोहे केले आणि डब्यात वेगळी तर्री, हरभऱ्याचा झणझणीत रस्सा. केकच्या टेबलावर सफरचंदाचा केक, प्लमचा केक, चीजचा केक आणि मध्ये तर्री-पोहे. पहिल्या वर्षी लोकांनी त्यावर मोहरीची चटणी घालून खाल्ले, असं ताई दुःखाने सांगते. आता तर्री आधी संपते. एक बेकरीवाला ती पावाला लावून खात होता. मला हे पाहून आपण फार दूर आलेलो नाही असं वाटलं.

तो दिवस मला आजही नीट जागेपणी पाहिल्यासारखा आठवत नाही. आकाश इतकं निळं आणि स्थिर, की त्याखाली काही घडेल असं वाटेना. हवेत कापलेल्या गवताचा वास, मधमाशा केकवर, लांब कुठेतरी चर्चची घंटा वाजून थांबलेली. मैदानापलीकडे तिरंदाज हिरव्या टोप्या घालून पंक्तीत बसले होते. उद्यापासून आपलं होणार असलेलं गवत ते डोळ्यांनी मोजत होते. हेर क्लाइननी गावच्या बँडमधले तीन पितळी वाद्यवालेही आणले होते. त्यांच्या कोटाच्या दोन खिशांत दोन भाषणं होती, एक विजयाचं, एक निरोपाचं. प्रशिक माझ्या कानात म्हणाला, "मामा, एकच भाषण आहे. विशेषणं बदलली आहेत."

पाहुणा संघ ऱ्हाइन नदीकडच्या एका गावचा. ते आले आठच. नववा रेल्वेने येत होता आणि त्याची गाडी रद्द झाली होती. नियम स्पष्ट होता. नऊ माणसं नसतील तर दोनपासून पंधरा मिनिटं थांबायचं, मग यजमानांना सात–शून्य असा विजय द्यायचा. वेळ गुणलेखकाच्या टेबलावरून मोजायची, म्हणजे ताईच्या मागच्या खोलीतल्या घड्याळावरून.

पाहुण्यांचा कप्तान फाटकाशी उभा राहून रस्त्याकडे पाहत होता. नवव्याला फोन करून करून कप्तानाचा फोन बंद पडला होता; बाकीचे सराव करत होते, फोन पिशव्यांत. पंच परगावचा, दर सामन्याला फोन गाडीत ठेवून येणारा शिस्तीचा माणूस. तो खोलीच्या दारात उभा राहून घड्याळाकडे पाहत होता. घुबडं बाकावर बसली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. एकही जण हलत नव्हता. योनास हातातला चेंडू फिरवत होता, आणि त्याची नजर चेंडूवरच होती. भिंतीवर दोन वाजून दहा, अकरा, बारा. ते घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, हे पंच आणि पाहुणे सोडले तर तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठरावच झाला होता.

दोन वाजून पंधरा. पंच मैदानावर आला, हात वर केला, आणि सामना घुबडांना दिला.

आधी घुबडांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बेकरीवाला ओरडला, मग सगळेच. चार वर्षांचं ओरडणं साठलेलं होतं. कुणी टोप्या उडवल्या. पितळी वाद्यं सुरू झाली. हेर क्लाइननी उजवा खिसा चाचपला, डावा चाचपला, एक कागद काढला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. प्रशिकसुद्धा उभा राहिला होता. तिरंदाजांनी टोप्या काढून गुडघ्यांवर ठेवल्या.

मी ताईकडे पाहिलं. वही उघडी होती. सात–शून्य लिहायचं आणि खाली सही करायची, एवढंच उरलं होतं. पेन कागदाच्या वर थांबलं होतं.

मी सांगतो ते छापण्यासारखं नाही, पण सांगतो. चौतीस वर्षं ज्याने एका वेलांटीसाठी अख्ख्या फर्म्याची छपाई थांबवली, तो मी तिच्याजवळ वाकून म्हणालो, "ताई, लिही."

तिने वर पाहिलं नाही. "विलास, तुझ्या घड्याळात किती वाजले?"

"माझं घड्याळ नागपूरचं आहे."

"मग वजा कर. साडेतीन तास. लहानपणापासून तुझं गणित कच्चं आहे, म्हणून विचारून राहिली."

"पाच चाळीस," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"ताई, सगळ्यांना माहीत आहे. कोणी बोललं नाही. संघ वाचला. तू काहून मध्ये पडते?"

"म्हणजे किती?"

"दोन दहा."

"हं," ती म्हणाली, आणि पेनाचं टोपण लावलं.

ती उठून खोलीच्या दारात गेली. हेर क्लाइन 'चिकाटी' या शब्दापर्यंत आले होते. ताईने पंचाला बोलावलं, घड्याळ दाखवलं, आणि मोजून चार जर्मन शब्द बोलली. पाच, मिनिटं, पुढे, आणि मी. पंचाने एका विद्यार्थ्याचा फोन मागवला, पाहिला, आणि दोन्ही हात आडवे हलवले. ट्रॉम्बोनवाला एक सूर जास्त वाजवून थांबला.

बाकावरची घुबडं खाली पाहत होती. प्रशिक पुढे झाला. "आई, तू काय केलंस? कोणाचं नुकसान होणार होतं?"

"अरे, घड्याळ पुढे ठेवते ते पोरं पोचावीत म्हणून," ताई म्हणाली. "न पोचलेल्या पोराला पकडायला नाही ठेवत. माझ्या वर्गात पाच मिनिटं उशिरा आलेला कधी बाहेर राहिला नाही. त्यासाठीच तर असतात ती पाच मिनिटं."

प्रशिकने हे योनासला जर्मनमध्ये सांगितलं. योनासने थोडा वेळ ऐकलं, मग उठला, ताईच्या टेबलावर चेंडू ठेवला, परत उचलला आणि म्हणाला, "गूट." म्हणजे 'ठीक आहे'. बाकीचे त्याच्यामागे उठले.

खऱ्या घड्याळाने दोन वाजून तेरा मिनिटांनी फाटकातून एक लांबडा माणूस धावत आला. पाठीवर पिशवी, एका पायात खेळाचा बूट, दुसऱ्यात घरचा. स्टेशनापासून धावत आला होता. ताई बसल्या जागेवरून ओरडली, "पळ रे बाबा, पळ!" आणि मला शपथेवर सांगता येईल, तो जास्त जोरात पळाला.

सातवा डाव

सामना झाला. मला बेसबॉल आजही पूर्ण कळत नाही, पण त्या दुपारी कळल्यासारखं वाटलं. घुबडं खेळली. म्हणजे हरण्याच्या घाईत नसल्यासारखी खेळली. योनास रात्रपाळी करून आलेला, त्याने सहा डाव चेंडू फेकला. सावल्या लांबल्या, जंगल मैदानावर थोडं थोडं पुढे आलं, आणि शेवटच्या डावात घुबडं एका गुणाने मागे होती. दोन माणसं कोपऱ्यांवर उभी होती, घरी येण्याची वाट पाहत. आणखी एक माणूस बाद झाला की सामना संपणार होता.

रखवालदाराने बॅट फिरवली. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. कोरडा, स्वच्छ, दूर कुणीतरी दार बंद करावं तसा. चेंडू वर गेला. तो वर जातच राहिला. पाईनच्या शेंड्यांच्या वर उन्हाचा पट्टा होता, त्यात तो शिरला आणि पांढरा, मग सोनेरी, मग दिसेनासा झाला. माणसं धावत होती, पण मला आठवतं ते असं, की सगळं थांबलं होतं. तिरंदाज उभे राहिले होते. हेर क्लाइनचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच बाहेर येत नव्हतं. ताईने माझं मनगट धरलं होतं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं.

मग चेंडू उन्हातून परत आला. जंगलाच्या अगदी कडेला तो लांबडा माणूस मागे मागे जात होता. एक बूट खेळाचा, एक घरचा. त्याने हात वर केला आणि चेंडू झेलला.

ताईने मनगट सोडलं. पेन घेतलं. चौकटीत झेल लिहिला, बेरीज केली, ती पुन्हा तपासली आणि सही केली. "आठ–नऊ," ती म्हणाली. "बरोबर आहे ना रे? पाहा तपासून."

मी तपासलं. चूक नव्हती. असावी असं फार वाटत होतं.

लांबडा माणूस टेबलाशी आला. तो माफी मागतोय की आभार मानतोय हे त्यालाही ठरवता येत नव्हतं. ताईने त्याला उरलेले पोहे दिले. "तर्री संपली," ती म्हणाली. "उशीर केला तू."

हेर क्लाइननी दुसरं भाषण वाचलं. 'चिकाटी' त्यातही होती.

नागपूर

मी परत आलो. मार्चमध्ये क्लबची वार्षिक सभा झाली, तेव्हा प्रशिकचा फोन आला. संघ बंद करण्याचा ठराव आता अंतिम मंजुरीसाठी मांडला गेला.  मग तिरंदाजांचा म्हातारा प्रमुख उठला. मला वाटलं, आता खिलाडूवृत्तीवर काहीतरी येणार. त्याने विचारलं, संघ बंद केला तर एवढं गवत कापणार कोण? आतापर्यंत घुबडं कापत होती. दीड तास चर्चा झाली. शेवटी सभेने नोंद घेतली की ठराव एक वर्ष पुढे ढकलण्यात येत आहे.

"पण त्या म्हाताऱ्याने जाताना आईशी हात मिळवला हं, मामा," प्रशिक म्हणाला. "दोन्ही हातांनी."

एप्रिलमधला पहिला सामना घुबडं तीन–चौदा अशी हरली. ताईने स्वतः फोन केला. "हरलो रे. पण चौथ्या डावात आपण पुढे होतो. दहा मिनिटं तरी. यंदा नक्की होईल पाहा."

'आपण' म्हणाली ती. मी दुरुस्त केलं नाही.

माझ्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ कायम सेकंदाला बरोबर असायचं. शेजारी त्यावरून आपली घड्याळं लावायचे. आता ते पाच मिनिटं पुढे आहे. शेजारच्यांनी सांगितलं, बायकोने सांगितलं, मुलीने दोनदा मागे केलं, मी पुन्हा पुढे केलं. रविवारी संध्याकाळी त्यात साडेपाच वाजले की मी खुर्ची ओढून बसतो. तिकडे तेव्हा जंगलाच्या कडेला ताई वही उघडत असते, कोणीतरी टोपी शोधत असतं, कोणीतरी बसथांब्यावरून धावत निघालेलं असतं. सामना अजून सुरू झालेला नसतो, आणि आम्ही अजून हरलेलो नसतो. पाच मिनिटं असतात.